सहाव्या आणि नवव्या नंबरच्या मध्ये

डिसेंबर लागला की पालघरच्या शाळांमधून दुपारी शिकवण्याचे आवाज कमी होतात आणि गाण्यांचे वाढतात. एकाच गाण्याचं एकच कडवं दहादा वाजतं, मधेच तुटतं, कुणी तरी बाई "डावा पाय, डावा!" म्हणून ओरडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानाबाहेर दोरीवर फेटे, नऊवारी आणि मावळ्यांचे अंगरखे एकाच रांगेत वाळत असतात. रिक्षात शाळेतली मुलं हातात पुठ्ठ्याच्या तलवारी धरून बसलेली दिसतात. गॅदरिंगचा महिना. निमंत्रणपत्रिकेवर त्याला वार्षिक स्नेहसंमेलन म्हणतात, पण बोलताना कुणी तसं म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी हा महिना बरीच वर्षं कडेकडेने काढला. सई लहान असताना तिच्या गॅदरिंगला जायचे, तिचा नाच झाला की काही तरी कारण काढून उठायचे. यंदा ते जमणार नाही. सई दहावीत आहे आणि तिला निवेदनाला घेतलंय. पंधरा दिवसांपूर्वी मी पोळ्या लाटत होते, तर मागे येऊन उभी राहिली.

"आई, बाबा म्हणाले तू शाळेत निवेदन करायचीस. मला सांगितलं नाहीस कधी."

"एकदाच केलं होतं."

"मग पहिलं वाक्य सांग ना. नमस्कार, सुस्वागतम तेच तेच नकोय मला."

मी म्हटलं, सांगते नंतर. तव्यावरची पोळी करपली.

आमची शाळा बोईसर आणि समुद्र यांच्या मधल्या रस्त्यावर होती. अर्धी मुलं कारखान्यांच्या वसाहतींतली, अर्धी किनाऱ्यावरच्या गावांतली. माझे वडील साताऱ्याकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. वर्गात बसल्या बसल्या वारा कुठून येतोय हे आम्हाला सांगता यायचं. पश्चिमेचा असला की खारं पाणी आणि वाळत घातलेली मासळी, पूर्वेचा असला की घशात बसणारा आंबटसर वास, कधी सडक्या अंड्यासारखा. आमच्या घरी आईला पहिला वास सहन व्हायचा नाही आणि जयूच्या घरी दुसरा.

जयू म्हणजे जयश्री. आठवीपासून आम्ही एका बाकावर. ती मासेमारांच्या गावातली, माझ्याहून वीतभर उंच, आणि हसायला लागली की तिला थांबता यायचं नाही. प्रार्थनेत, परीक्षेत, दोन मिनिटं शांत उभं राहायचं असेल तेव्हा तर हमखास. तिचे वडील पूर्वी बोटीवर जायचे. मासळी कमी झाली तसं बोट सोडून एका रासायनिक कारखान्यात कंत्राटावर लागले होते. आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची.

दहावीचं वर्ष असं असतं की त्यात प्रत्येक गोष्टीच्या मागे 'शेवटची' लागतं. शेवटचा शिक्षकदिन, शेवटचं पाटीपूजन, शेवटची सहल. आम्हाला त्याचं दुःख वगैरे काही नव्हतं, उलट मोठं झाल्यासारखं वाटायचं. शिक्षकदिनाला दहावीची मुलं शिक्षक होतात. त्या दिवशी मी सहावीला मराठी शिकवलं आणि जयू झाली पीटीची बाई. साडी नेसून सायकल चालवता येत नाही म्हणून तिचे बाबा तिला मागे बसवून सोडायला आले होते. फाटकाशी थांबून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी आईची रेशमी साडी नेसले होते.

"काय बाई," ते म्हणाले, "माझ्या पोरीला मारू नका हां. घरात कोन मारीत नाय तिला."

"बाबा, जावा ना तुमी!" जयू ओरडली. ते हसत हसत सायकल वळवून गेले. कामाला उशीर झाला होता त्यांना. मला ते असेच आठवतात, पाठमोरे, पॅन्टच्या पायाला रबर बांधलेले, आणि मान वळवून पुन्हा एकदा लेकीची साडी बघणारे.

दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली, शेवटची म्हणून खडूने रंगवली. दिवाळीची सुट्टी संपली आणि गॅदरिंगची यादी लागली. निवेदनाला मी. कोळीनृत्याला आठ मुली आणि पुढे जयश्री.

त्या नाचाची तालीम म्हणजे मोठी गंमत. आठातल्या सात मुली वसाहतीतल्या, कुणी नांदेडची, कुणी जळगावची. राऊतबाई बसवत होत्या. राऊतबाई आम्हाला मराठी शिकवायच्या, माकुणसारहून रोज यायच्या आणि गॅदरिंग म्हणजे त्यांचा जीव. त्या टोपल्या घेऊन गिरक्या घ्यायला सांगायच्या आणि जयू तोंडावर हात ठेवून खिदळायची.

"बाई, असं कोन नाचतं? एवढ्यात टोपलीतली मासळी सांडंल आणि कावळे येतील."

"मग तू दाखव कसं नाचतात ते."

"आमच्यात हळदीला नाचतात. टोपली घेऊन कोन नाचत नाय."

तरी तिनेच सातजणींना लुगडं नेसायला शिकवलं. भाड्याची लुगडी तिला पसंत नव्हती. आईची, आत्याची, शेजारणींची अशी आठ लुगडी ती गाठोड्यात बांधून घेऊन आली. आईने ती दोनदा धुऊन, उन्हात वाळवून दिली होती. "वास येतो का गो?" तिने हळूच मला विचारलं. मी म्हटलं, नाही. खरंच येत नव्हता.

गॅदरिंगच्या दिवशी चारला कार्यक्रम सुरू झाला. मैदानात मांडव, समोर पहिल्या दोन रांगांत खुर्च्या, मागे सतरंज्या. माझ्या हातात पुठ्ठ्याचे चौकोन होते, प्रत्येक कार्यक्रमाला एक, वर नंबर लिहिलेला. प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना पूर्वेकडून एक जाड आवाज आला आणि शाळेच्या काचा हलल्या. सगळ्यांनी माना वर केल्या. पाहुणे क्षणभर थांबले, मग पुढे बोलू लागले. बोईसरात आवाज व्हायचे. कधी बॉयलरचा, कधी कशाचा. दुसऱ्या दिवशी पेपरात काय ते कळायचं. आम्हीही पुन्हा खाली बघायला लागलो. मला तर एवढंच वाटलं होतं की माईक गेला नाही, बरं झालं.

जयूच्या बाबांची त्या दिवशी पहिली पाळी होती. तीनला सुटून ते नाच बघायला येणार होते. धुतलेला शर्ट सकाळीच पिशवीत घालून नेला होता म्हणे. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून त्यांना थांबवून घेतलं. हे सगळं मला नंतर कळलं.

सहाव्या नंबरला पाचवीच्या मुलांचा शेतकरी नाच चालू होता. मी उजव्या विंगेत पडद्याला चिकटून उभी होते. शिपाई रमेशभाऊ आले, राऊतबाईंच्या कानाशी लागले. गाणं मोठ्याने चालू होतं म्हणून त्यांनाही मोठ्याने बोलावं लागलं आणि मला सगळं ऐकू आलं.

"ऑफिसात फोन आला होता. जयश्रीचे वडील भाजलेत. बोईसरला दवाखान्यात नेलंय. पोरीला घेऊन या म्हणतात."

"किती भाजलेत?"

"ते काय सांगितलं नाय. तिची आई तिथंच हाय, बाजारातून परस्पर नेली तिला."

बाईंनी माझ्या हातातल्या पुठ्ठ्यांकडे पाहिलं. मग स्टेजकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. घाबरल्या होत्या, एवढंच सांगता येईल.

"नवव्या नंबरला आहे ती," त्या म्हणाल्या. "तीच पुढे आहे, ती गेली तर सात मुलींचा नाच गेला. होऊ दे. झाला की मी स्वतः घेऊन जाते. रिक्षा आणून ठेवा तुम्ही." आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "मेघा, तू काही ऐकलं नाहीस. तिच्यासमोर चेहरा नीट ठेव."

मी मान हलवली. पंधरा वर्षांच्या मुलीला बाईंनी सांगितलं आणि तिने ऐकलं, इथवर कुणीही माझी बाजू घेईल. पण कार्यक्रम कुठला पुढे आणि कुठला मागे हे त्या क्षणी खरं तर माझ्या हातात होतं. नवव्या नंबरचा पुठ्ठा वर घेऊन मी कोळीनृत्याचं नाव पुकारलं असतं तर त्या आठजणी धावत स्टेजवर आल्या असत्या. पाचव्या नंबरपासून लुगडी नेसून, वेण्या माळून त्या तयार बसल्या होत्या. बाई मला फार तर ओरडल्या असत्या. नाचही झाला असता आणि पावणेसहाला जयू रिक्षात बसली असती.

हे मला नंतर सुचलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. मला ते तेव्हाच, तिथेच, पडद्याची दोरी हातात धरून उभी असताना सुचलं होतं. पण सातवा नंबर माझा होता.

मी एकपात्री बसवलं होतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरणाऱ्या बाईचं, मीच लिहिलेलं. महिनाभर आरशासमोर केलं होतं. आई-बाबा सतरंजीवर पुढे येऊन बसले होते. नंबर मागेपुढे केले, गोंधळ झाला, कुणाला कळलं, तर माझं राहून जाईल अशी भीती वाटली. बस एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

मी सातव्या नंबरला माझं एकपात्री केलं. छान झालं. लोक हसले, मधे दोनदा टाळ्या आल्या, शेवटी पुन्हा आल्या. डाव्या विंगेत कोळीनृत्याच्या मुली येऊन उभ्या होत्या. त्या बाजूला मी एकदाही पाहिलं नाही.

मग आठव्या नंबरची नाटिका. ती काही केल्या संपेचना. मग मी माईक हातात घेतला आणि हसऱ्या आवाजात म्हटलं, "आणि आता येत आहेत आपल्याच किनाऱ्यावरच्या लेकी." हे वाक्य मीच लिहिलं होतं, मला फार आवडलं होतं. जयू पुढे आली. तिच्या केसांत अबोलीची वेणी होती. तिने टोपली घेऊन बाईंनी शिकवलेल्या गिरक्या घेतल्या आणि एक गिरकी जास्तीची, स्वतःची. सतरंजीवरच्या तिच्या गावच्या बायका शिट्ट्या मारत होत्या. 'वन्स मोअर' आला. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी जोरात मान हलवली, मी पडदा पाडायला सांगितलं.

पडद्यामागे बाईंनी तिला जवळ घेतलं आणि चालत चालतच सांगितलं. जयू एकदाच "बाबा?" म्हणाली. नुसतं तेवढंच, एखाद्याला हाक मारावी तसं. कपडे बदलायला वेळ नव्हता. लुगड्यातच, पायात चाळ, तोंडाला रंग, अशी ती रिक्षात बसली. बाई शेजारी. रिक्षा फाटकाबाहेर वळेपर्यंत चाळ वाजत होते. मी स्टेजवर परत आले आणि दहावा कार्यक्रम पुकारला.

ती पोचायच्या आधी पंधरा मिनिटं तिचे बाबा गेले होते.

दुसऱ्या दिवशीचे फिशपॉन्ड रद्द झाले. चिठ्ठ्यांनी भरलेला खोका स्टाफरूमच्या कपाटावर तसाच राहिला. तेराव्यानंतर, जानेवारीत, जयू शाळेत आली. आमच्या बाकावर बसली. बोलायची, पण पुस्तकाकडे बघत. हसणं कुठे गेलं ते कळलं नाही. राहिलेला बक्षीस समारंभ शाळेने वर्गातच उरकला. समूहनृत्यात कोळीनृत्य पहिलं आलं होतं. हेडसरांनी नाव घेतलं तेव्हा जयू उठली, स्टीलचा डबा घेतला आणि जागेवर येऊन बसली. सगळे टाळ्या वाजवायच्या की नाही या विचारात पडले, एखाद-दोन वाजल्या. माझंही नाव पुकारलं. मलाही डबाच मिळाला.

एकदा मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "तू होतीस ना गो तिथं. माझ्याबरोबर तू तरी होतीस." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं आता सांगावं. पण खांद्यावर डोकं होतं तोवर बोलवेना, आणि मग घंटा झाली.

फेब्रुवारीत निरोप समारंभ. दहावीच्या मुलींनी साड्या नेसायच्या ही पद्धत. नववीच्या मुलांनी फाटकापासून वर्गापर्यंत रांगोळ्या घातल्या होत्या, प्रत्येकाला गुलाबाचं फूल आणि पेन. कागदी बशीत बटाटेवडा, वेफर्स, पेढा. मुलं भाषणं करताना रडली, सर भाषण करताना रडले, आणि रडताना सगळे एकमेकांकडे बघून हसतही होते. जयू आईची फिकट निळी साडी नेसून आली होती. तिला कुणी बोलायला सांगितलं नाही.

समारंभ संपल्यावर ती पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होती. मी मागे गेले. आता नाही तर कधीच नाही, असं काही तरी मनाशी म्हणून मी सांगितलं.

"जयू, त्या दिवशी मला आधी कळलं होतं. रमेशभाऊ बाईंना सांगत होते ते मी ऐकलं."

तिने नळ बंद केला नाही.

"कधी?"

"सहाव्या नंबरला."

"माझा कितवा व्हता?"

मी हातातल्या गुलाबाची पाकळी खुडली.

"कितवा व्हता, मेघा?"

"नववा."

ती नळाच्या धारेकडे बघत राहिली. ओठ हलत होते. मला आधी वाटलं रडतेय. ती मिनिटं मोजत होती.

"बाबा सव्वासहाला गेले," ती म्हणाली. "बोलत व्हते तोवर. आय सांगते." मग तिने नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि फाटकाकडे चालत गेली. रांगोळीवरून गेली. मी हाक मारली नाही.

परीक्षेला तिचा नंबर दुसऱ्या खोलीत होता. पेपर सुटल्यावर मी जिन्यात थांबायचे, ती दुसऱ्या बाजूने जायची. मग निकाल, मग मी पालघरच्या कॉलेजला, मग लग्न, सई. कॉलेजात मला दोनदा निवेदनाला विचारलं. मी घसा बसतो म्हणून सांगितलं. एकपात्रीही पुन्हा केलं नाही. हा त्याग वगैरे नव्हता. माईकसमोर उभं राहिलं की डावीकडे बघायची भीती वाटायची, एवढंच.

सईने निवेदनाचं विचारलं त्या आठवड्यात मी माकुणसारला राऊतबाईंना भेटायला गेले. बाई आता थकल्यात, एका डोळ्याने नीट दिसत नाही. मला आवाजावरून ओळखलं. चहा झाला, माझ्या संसाराची चौकशी झाली. मग त्या एकदम म्हणाल्या, "मेघा, त्या दिवशी मी चुकले ना गं?"

मी हातातल्या रिकाम्या कपाकडे बघितलं.

"फोनवर नुसतं भाजलेत म्हणाले. मला वाटलं हात-पाय पोळला असेल. दहा-वीस मिनिटांनी काय होतंय असं वाटलं. इतकी वर्षं झाली, पण डिसेंबर आला की मला झोप लागत नाही." त्यांनी माझा हात चाचपडून धरला. "तू लहान होतीस. तुझ्याकडे काही नाही त्यातलं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

नंबर बदलता आले असते हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या वाटणीचं ओझं थोडं माझ्याकडे घ्यायची संधी होती ती, आणि मी चहाचा कप खाली ठेवून नुसती बसून राहिले. निघताना त्यांनीच सांगितलं की जयू केळव्याला दिलीय, वाडीत घर आहे, मुंबईच्या लोकांना जेवायला घालते. "जा एकदा," म्हणाल्या.

गेल्या रविवारी गेले. केळव्याला रविवारी जेवणाच्या वेळी जागा मिळत नाही. सुपारीच्या वाडीत, शेणाने सारवलेल्या अंगणात टेबलं मांडलेली, सगळी भरलेली. ती चुलीपाशी कालथा घेऊन उभी होती. जाड झालीय, कानशिलाशी पांढरे केस. मी अंगणाच्या कडेला उभी राहिले, तिने मान वर केली आणि दुसऱ्याच क्षणी म्हणाली, "मेघा ना? थांब हां. चार ताटं वाढून येते."

चाराची दहा झाली असतील. मी मागच्या पायरीवर बसून राहिले. मग ती पदराने तोंड पुसत आली आणि शेजारी बसली, मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

"बाईंनी सांगितलं मला तू इथे आहेस."

"बाई येऊन गेल्या मागे. माझ्या पाया पडायला वाकल्या." ती वाडीकडे बघत होती. "मी धरल्या त्यांना. एवढी म्हातारी बाई. मलाच कसं तरी झालं."

आई कशी आहे, मी विचारलं. दोन वर्षांपूर्वी गेली, ती म्हणाली.

"जायच्या आधी आय एक सांगून गेली. बाबा दवाखान्यात इचारत व्हते, जयू कुठं. आयने सांगितलं, शाळेत नाचते. तर म्हणाले, मग राहू दे, नाच होऊ दे तिचा." तिने पायरीवरचं सुपारीचं टरफल उचलून वाडीत टाकलं. "खरं असंल. नाय तर माझ्यासाठी रचलं असंल आयने. एवढी वर्सं कशाला सांगितलं नाय मग? इचारायचं धाडस नाय झालं मला."

मी म्हटलं, "जयू, सातवा नंबर माझा होता."

"माहीत हाय."

"तुझा नाच मला आधी घेता आला असता. मी घेतला नाही. माझं राहील म्हणून."

"माहीत हाय म्हटलं ना." आवाज चढला नव्हता. "टाकीजवळ तू सांगितलंस त्या दिवशी घरी जाऊन छापलेली यादी काढली मी. सहा, सात, आठ, नऊ. सातच्या पुढं तुझं नाव. तेवढं कळत व्हतं मला."

अंगणातून कुणी तरी सोलकढी मागितली. आतून एक मुलगी "देते" म्हणाली.

"त्याचा राग व्हता. नाय म्हणत नाय मी. पण तो जाईल असा राग व्हता." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू नाटक करत व्हतीस ना, एसटीतल्या बाईचं, मी डाव्या बाजूला उभी व्हते. पोट दुखेपर्यंत हसले मी. सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या. माझा बाप तिकडं माझं नाव घेत व्हता आणि मी इकडं हसत व्हते. तू सांगितलं असतंस, तर मी हसले नसते गो. बाकी कायपण झालं असतं, भेटले असते, नसते भेटले. पण मी हसले नसते."

माफ कर म्हणायला मी आले होते, वाटेत दहा वेळा वाक्य जुळवलं होतं. ते मी म्हटलंही. ती "हो" म्हणाली, पण ते नुसतं ऐकल्याचं 'हो' होतं.

मग ती उठली. जेवून जा म्हणाली, मी म्हटलं भूक नाही, तिने आग्रह केला नाही. एका पानात चार सुपाऱ्या बांधून दिल्या, वाडीतल्या, नव्या. अंगणाच्या टोकापर्यंत पोचवायला आली. रिकाम्या झालेल्या टेबलावरची ताटं उचलता उचलता आली, म्हणजे खास आली असंही म्हणता येणार नाही.

"येते," मी म्हटलं.

"ये," ती म्हणाली. जाणाऱ्याला आपल्याकडे 'जा' म्हणत नाहीत, म्हणून म्हणाली असेल. मी रस्त्यापर्यंत सावकाश चालत गेले, मागून आणखी एखादा शब्द येतो का ते ऐकत. ताटांचा आवाज येत होता.